न ओळखलेली खिरापत

पांढुर्ण्याच्या बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दारातल्या फळीवर मी आनंदी कसं राहावं हे सांगणारी पुस्तकं मांडून ठेवतो, मराठीतली आणि हिंदीतलीही. ती बरी खपतात. घेणारा मात्र ती नेहमी दुसऱ्यासाठी घेतो. बायको नवऱ्यासाठी घेते, सून सासूसाठी, बाप परीक्षेला बसलेल्या मुलासाठी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ती चाळतो, त्यामुळे आनंदाविषयी मला बरंच काही माहीत आहे. त्यानं माझ्या स्वभावात काही फरक पडला, असं मात्र घरातलं कोणी म्हणणार नाही. पंखा चालू राहिला, नळ गळत राहिला, चपला वाटेत पडल्या, की माझा आवाज चढतो. आमच्या बापाचाही असाच चढायचा.

एवढं सगळं ज्ञान वापरायची संधी मला ताईनं दिली.

ताई माझी मोठी बहीण. सौंसरला दिलेली. तिथे भाऊजींचं घर, आणि लोधीखेड्याच्या रस्त्याला संत्र्याचा बगीचा. भाऊजी उन्हाळ्यात गेले. सकाळी बगिच्यात पाणी सोडून आले, चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. मुलगा बंगळूरहून आला, राहिला, आणि नोकरी त्याला परत बोलवायला लागली. त्याच्या बाराव्या मजल्यावर जायला ताई तयार नव्हती. मग माझ्याकडे, म्हणजे त्याच्या मामाकडे, चार दिवस राहा, असं ठरलं, आणि ती एका पिशवीनिशी आमच्याकडे आली. त्या चार दिवसांचे किती महिने झाले हे आम्ही कोणी मोजलं नाही.

ती रडत नव्हती. रडली असती तर आम्हाला काय करायचं ते कळलं असतं. ती बोलेनाशी झाली. हो, नाही, राहू दे, एवढ्या तीन शब्दांवर तिचा दिवस निघायचा. बोळाकडच्या खोलीत खिडकीजवळ पलंगावर बसायची. ताट दिलं तर जेवायची, नाही दिलं तर मागायची नाही. लहानपणी आमच्या गावी, मोहगावात, जिच्या तोंडाला आख्खी आळी भ्यायची ती ही ताई, यावर माझा विश्वास बसेना.

आम्ही तिच्याशी अतिशय चांगलं वागायला लागलो. टीव्हीचा आवाज इतका कमी केला की बातम्या ओठांवरून वाचाव्या लागत. बायकोनं घरातलं तळण बंद केलं, कारण दुःखाच्या घरात कढई चढवत नाहीत. ताईनं भाजी निवडायला हात पुढे केला की बायको म्हणायची, तुम्ही बसा ताई. ताईनं अंथरुणाची घडी घालायला घेतली की मी धावत जाऊन तिच्या हातातून चादर काढून घ्यायचो. भेटायला येणाऱ्यांना आम्ही दारातच सांगून ठेवायचो की हसू नका, भाऊजींचं नाव काढू नका. ती माणसं मग आमच्या बैठकीत डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी बसून निघून जायची.

आणि मी ओरडणं बंद केलं. हे सगळ्यात कठीण होतं. नळ गळायचा आणि मी दात दाबून तो गळताना पाहायचो.

पुस्तकांचाही उपयोग करून पाहिला. संध्याकाळी दुकानातून एक पुस्तक आणून मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायचो. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःकडे पाहून हसा, असं त्यात होतं. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तक मिटलं. भाच्यानं बंगळूरहून तिच्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. त्यातली बाई शुद्ध हिंदीत श्वास आत घ्यायला सांगायची आणि बराच वेळ सोडायला सांगायचीच नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ताईनं मोबाइल पालथा घातलेला, आणि त्याच्यावर वळलेल्या वातींचा ढीग. वाती मात्र सुरेख वळल्या होत्या.

असा पावसाळा सरला आणि भुलाबाई आली.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई बसवतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. रोज संध्याकाळी आळीतल्या पोरी जमतात, सासर-माहेराची गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खरी मजा सुरू होते, ती खिरापतीची. ज्या घरी भुलाबाई, त्या घरची बाई झाकण लावलेला डबा घेऊन येते. आत काय आहे ते पोरींनी डबा हलवून, आवाजावरून ओळखायचं. ओळखलं तर पोरींची जीत. नाहीच ओळखता आलं तर हरलो म्हणायचं, मग डबा उघडतो. खायला दोन्ही वेळा मिळतंच.

मोहगावात आमची ताई या खेळातली वस्ताद होती. डबा ती एकदाच हलवायची, कानाशी धरून. मग डोळे मिटायची आणि सांगायची. शेव, तिखट, कालची आहे. आळीतल्या बाया तिला हरवण्यासाठी दुपारभर डोकं लढवायच्या. मी शेपटासारखा तिच्या मागे फिरायचो. काही घरी मी मागच्या दारानं डोकावून आत काय शिजलं ते पाहून यायचो आणि तिच्या कानात सांगायला जायचो. ती माझ्या तोंडावर हात ठेवायची. सांगितलं तर माझ्या वाट्याची खिरापत मिळणार नाही, अशी धमकी असायची, आणि ती खरी करायची.

दरवर्षी आमच्या आळीतली भुलाबाई आमच्या ओसरीवर बसते. माझ्या बायकोला हौस. या वर्षी पोरी विचारायला आल्या तेव्हा तिनं त्यांना फाटकाशीच थांबवून सांगितलं की यंदा आमच्याकडे नाही. पोरींनी मान डोलावली आणि सरळ शेजारच्या काकूंच्या ओट्यावर भुलाबाई नेऊन बसवली. तो ओटा आणि ताईची खिडकी यांच्यामध्ये फक्त बोळ आहे, त्यातून स्कूटरसुद्धा तिरकी करून काढावी लागते.

पहिल्या संध्याकाळी मी दुकानातून आलो तर ओट्यावर टाळ्या चालू. मी तसाच तिकडे गेलो आणि काकूंना म्हणालो की घरात दुःख आहे, जरा सांभाळून. काकू भल्या बाई आहेत. त्यांनी पोरींना दटावलं आणि पोरींनी उरलेली गाणी कुजबुजत म्हटली. मी आयुष्यात बरंच काही ऐकलं आहे, पण कुजबुजत म्हटलेली भुलाबाईची गाणी तेव्हाच ऐकली. टाळ्यासुद्धा त्या बोटांनी वाजवत होत्या. मला जरा स्वतःचा रागच आला, पण बोलून बसलो होतो.

मग डबा आला. पोरी तो एकीकडून दुसरीकडे देत खुळखुळ हलवायला लागल्या. एक म्हणाली कुरकुरे. दुसरी म्हणाली चकली. तिसरी म्हणाली मॅगी, कच्ची. काकू प्रत्येकीला नाही म्हणत होत्या. पोरी आणखी जोरात हलवत होत्या. मी फाटकाशी उभा राहून पुन्हा दटावायच्या बेतात होतो, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"किती हलवून राहिल्या वं त्या डब्याले. चुरा होईन त्याचा."

सगळ्या वळल्या. खिडकीच्या गजांमागे ताईचा अर्धा चेहरा दिसत होता. चांगलाच वैतागलेला.

"फुटाणे आहेत. अन् त्यात गुळाचे खडे. दोन आवाज येऊन राहिले, आयकू येत नाई का तुमाले?"

काकूंनी झाकण काढलं. फुटाणे होते, आणि गुळाचे खडे. पोरी अशा किंचाळल्या की पलीकडच्या गल्लीतले कुत्रे भुंकायला लागले. मी तोंडातलं दटावणं तसंच गिळलं. तीन शब्दांच्या पलीकडे गेलेली ताई मी किती तरी दिवसांनी ऐकत होतो, आणि ती चक्क चिडलेली होती. मला इतका आनंद झाला की मी घरात जाऊन बायकोचा हात धरला. तिनं विचारलं, तब्येत बरी आहे ना.

दुसऱ्या दिवशी ताईला हाताला धरून ओट्यावर नेऊन बसवायचा माझा बेत होता. बायकोनं तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही काही करू नका. दुकानात जा." लग्नाला इतकी वर्षं झाली, तेव्हा एवढं मला कळतं की ती असं म्हणते तेव्हा दुकानात जावं.

त्यामुळे पुढचं बरंचसं मी तिच्याकडून ऐकलं. पोरींनी त्या दिवशी गाणी झाल्यावर डबा सरळ ताईच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवला. ताईनं गजांतून हात काढून एकदा हलवला आणि सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं सांगायला नकार दिला, आधी तुम्ही ओळखा म्हणाली, आणि डबा कसा धरायचा ते शिकवलं. एकदाच हलवायचं. मग कान लावायचा. जड असेल तर आवाज तळातून येतो, हलकं असेल तर झाकणाशी. पोरी खिडकीखाली रांगेनं कान लावून उभ्या राहायला लागल्या.

इकडे काकू इरेला पेटल्या. शेजारच्या खिडकीत बसून कोणी आपली खिरापत रोज ओळखतं, ही गोष्ट त्यांना सहन होईना. त्यांनी अनारसे फडक्यात गुंडाळून ठेवले. ताईनं ओळखले. एके दिवशी त्यांनी डब्यात नातवाच्या काचेच्या गोट्या टाकल्या. त्या दिवशी मी मुद्दाम लवकर घरी आलो होतो. ताईनं डबा हलवला, कानाशी धरला, आणि खिडकीतून काकूंकडे पाहत म्हणाली की आधी गोट्या काढा, मग सांगते. काकू पदर तोंडावर घेऊन हसल्या. आणि ताई खिडकीतून दिसेनाशी झाली. मी खोलीकडे धावलो. पण ती खोलीतून निघाली होती, ओसरीवरून उतरून चपला घालत होती. गोट्या स्वतःच्या हातानं काढायला ती ओट्यावर गेली.

त्या रात्री जेवताना बायकोच्या तोंडून सवयीनं निघालं, "तुम्ही बसा ताई, मी वाढते." ताईनं हातातली पळी खाली ठेवली नाही.

"तुमी सगळे मले इतके जपून राहिले," ती म्हणाली, "का मले वाटे, त्यायच्यासंगं मी बी गेली. कोणी मले काम सांगत नाई, कोणी भांडत नाई. हा तं जन्मभर माह्यावर ओरडत आला. याले काय झालं म्हून मलेच काळजी पडली." मग ती बायकोकडे वळली. "अन् सुतक माह्या घरचं आहे. तुह्या कढईले कायले?"

आम्ही दोघं खाली पाहत जेवत राहिलो. मी आणलेल्या एकाही पुस्तकात हे पान नव्हतं. जेवण झाल्यावर ताई हात धुवायला गेली आणि नळ अर्धवट बंद करून आली. मी मनापासून ओरडलो, की या घरात नळ बंद करायचं कोणाला शिकवलंच नाही का. ताई उलट ओरडली की आधी त्याचा वायसर बदल. इतकं बरं भांडण आमच्यात लहानपणानंतर झालं नव्हतं. माझ्या तापट स्वभावाचा कोणाला फायदा झाल्याचं ते एकमेव उदाहरण आहे, म्हणून लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी कढई चढली. भज्यांचा वास बोळात गेला आणि काकू भुलाबाई सोडून आमच्या स्वयंपाकघरात आल्या.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी ताई म्हणाली, सौंसरला घेऊन चल. शेवटच्या दिवसाची खिरापत मी करणार, आणि त्यासाठी घरून काही आणायचं आहे. ते घर, तो पलंग, तो बगीचा. इतक्या मुश्किलीनं बाहेर आलेलं माणूस पुन्हा त्या खोलीत जाऊन बसलं तर? पण नाही म्हणणं म्हणजे पुन्हा तिच्या हातातून चादर काढून घेणं. कोजागिरीच्या दिवशी सकाळी मी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही बसनं गेलो.

घराचं कुलूप तिनंच उघडलं. आत जाळी-जळमटं, आणि भाऊजींच्या चपला दाराशी तशाच. ताई थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. मग माझ्या हातात झाडू दिला. "तू घर झाड. मी बगिच्यातून येतो." बगीचा पाहणारा गडी मोटारसायकल घेऊन आला होता, त्याच्या मागे बसून ती गेली.

मी घर झाडलं. दोनदा झाडलं. तिला एकटीला जाऊ दिलं म्हणून स्वतःला शिव्या घातल्या. तिथल्याच एका झाडाखाली बसून राहिली तर तिला उठवायचं कोणी, हा विचार डोक्यातून जाईना. मी चपला घालून रस्त्यावर येणार, तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. ताईचे डोळे लाल होते, नाक लाल होतं, चेहरा रडून सुजला होता. इतक्या महिन्यांचं ती बगिच्यात रडून आली होती. हातात तोंड बांधलेली पिशवी होती. मी ती घ्यायला गेलो तर म्हणाली, हात लावू नको. बसमध्ये तिनं ती पिशवी मांडीवर ठेवली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून पांढुर्ण्यापर्यंत गाढ झोपली. माझा खांदा आखडला. मी हललो नाही.

संध्याकाळी काकूंनी स्वतः भुलाबाई उचलून आमच्या ओसरीवर आणली. शेवटचा दिवस आमच्याकडे, असं त्यांनीच ठरवलं. आळीतल्या बाया आल्या, पोरी नटून आल्या, बायकोनं दूध आटवायला ठेवलं. गाणी या वेळी मोकळ्या आवाजात झाली. मग ताई पितळेचा डबा घेऊन बाहेर आली.

पहिल्या पोरीनं शिकवल्याप्रमाणे एकदाच हलवला आणि कान लावला. काही नाही. दुसरीनं लावला. काही नाही. आवाज नाही म्हणजे शिरा, एक म्हणाली. ताई म्हणाली, नाही. बासुंदी, पेढे, खीर, दहीभात, बिनआवाजाचं जे काही आठवलं ते पोरींनी सांगून टाकलं. काकू पुढे आल्या. इतक्या दिवसांचा हिशोब चुकवायची त्यांची वेळ होती. त्यांनी डबा वास घेऊन पाहिला, पण झाकण घट्ट होतं आणि वरून ओलं फडकं बांधलेलं. त्यांनी पुरणापासून श्रीखंडापर्यंत सगळं सांगितलं. ताई नाही म्हणत राहिली, आणि दर नाहीगणिक तिचा चेहरा उजळत होता.

शेवटी डबा माझ्याकडे आला. मी हलवला. कान लावला. मोहगावातही मला कधी काही ओळखता आलं नव्हतं.

"ताई, यात काहीच नाही," मी म्हणालो.

"काहीच नाई असं कसं असंन रे? वजन तं पाय."

डबा खरंच जड होता. आम्ही सगळ्यांनी एका आवाजात हरलो म्हटलं, काकूंनी जरा उशिरानं. ताईनं फडकं सोडलं आणि झाकण काढलं. आत संत्र्याच्या फोडी होत्या, इतक्या घट्ट रचलेल्या की एकीला हलायला जागा नव्हती.

पोरींनी कल्ला केला. ही फसवणूक आहे म्हणाल्या. त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे हंगामात संत्री घरोघर टोपल्यांनी पडलेली असतात, पाहुण्याला परत जाताना नको म्हणता म्हणता पिशवीभर घ्यावी लागतात. पांढुर्णा-सौंसरच्या माणसानं डोळे मिटले तर त्याला जगातला प्रत्येक पदार्थ आठवेल, संत्रं आठवणार नाही. आणि आता तर हंगामही पुरता लागला नव्हता. फोडी फिक्या होत्या, अजून पिकायच्या.

ताईनं पहिली फोड भुलाबाईपुढे ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

"आपल्या बगिच्यातला आंबिया बहार आहे, हिवाळ्यातल्या फुलायचा," ती म्हणाली. "फुलं त्यायनं पाहेले. फळं आपुन खाऊ." मग म्हणाली, "दिवाळी झाली का तोड आहे. तवा मी घरी जाईन. गड्याच्या भरवशावर होत नाई ते."

पोरींनी फोडी तोंडात टाकल्या आणि एकेकीचे डोळे आंबटपणानं मिटले. काकूंनी कानाला हात लावला. ते पाहून ताई हसायला लागली, तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत. मोहगावात जिंकल्यावर हसायची तशीच. मी तोंडात फोड धरून तिच्याकडे पाहत होतो, आणि मला रडू येत होतं.

"फार आंबट आहे," मी म्हणालो.

"आंबट आहे तं ठेव खाली."

मी खाली ठेवली नाही.